कार्ड क्रमांक सतरा

त्रिएस्ते, चौऱ्याण्णवचा फेब्रुवारी.
बोरा सुटलाय, समुद्राकडे ढकलत नेणारा वारा.
कोपऱ्याकोपऱ्यावर दोर बांधलेत,
माणसं दोराला धरून बेकरीपर्यंत जातात,
दोराला धरूनच परत येतात, पाव छातीशी.

तिसऱ्या मजल्यावर मी
साठ चित्रांची साठ कार्डं घेऊन बसते.
कप. शिडी. छत्री. फणी.
समोरच्यानं नाव सांगायचं, मी गुण लिहायचे.
एवढंच माझं शास्त्र.

खाट नऊ. वित्तोरिया, वय सत्त्याहत्तर.
बंदरावरच्या गोदामात बत्तीस वर्षं
कॉफीच्या बिया निवडल्या.
मेंदूच्या डाव्या बाजूला, फिल्मवर,
कॉफीच सांडल्यासारखा डाग.
उजवा हात पांघरुणावर,
कुणीतरी विसरून गेल्यासारखा.

कप? ती काहीतरी म्हणते.
कप नव्हे. शून्य.
शिडी? वाकड्या ओठांतून
लाळेत भिजलेली दोन अक्षरं. शून्य.
मी लिहिते: अर्थहीन ध्वनी.
लिहिते: स्वतःच्या नावाला प्रतिसाद नाही.
लिहिते: बोलताना डाव्या हाताची मूठ वळते,
अनैच्छिक.

मुलगी ओंदिना कोट न काढता बसलेली.
म्हणाली, आई तशी अबोलच.
रागावली तरी भांडी जोरात ठेवायची, बस.

नवव्या दिवशी, कार्ड सतरा.
ती पुन्हा तेच म्हणाली, जरा जोरात,
आणि दारातून, फरशी पुसता पुसता,
मिलोइकानं मान वर केली:
"ग्लाव्निक. फणी म्हणतेय ती.
बरोबरच तर सांगतेय."

मिलोइका वरच्या खडकाळ पठारावरची, रेपेन गावची.
मी लेच्चेची, देशाच्या दुसऱ्या टोकाची.
शहराच्या डोक्यावर कुठली भाषा राहते
ते मला ठाऊक असायचं कारण नव्हतं,
असं मी त्या दिवशी तरी स्वतःला सांगितलं.

मिलोइकानं पोछा भिंतीला टेकवला,
हात एप्रनला पुसले,
खाटेशी वाकून नाव विचारलं.
"झ्मागा," ती म्हणाली. अडखळली नाही.

झ्मागा म्हणजे विजय. वित्तोरिया म्हणजेही विजय.
दहा वर्षांच्या पोरीचं नाव शिक्का मारून बदलताना
कारकुनानं अर्थ तेवढा राहू दिला.
शाळेत मात्र त्या भाषेचा एक शब्द
म्हणजे बोटांवर एक पट्टी.
हे मिलोइकानं सांगितलं, तिच्या आईच्या बोटांबद्दल.
मी वळलेल्या मुठीकडे पाहिलं
आणि पेन खाली ठेवलं.

साठ कार्डं पुन्हा. आता एक्केचाळीस बरोबर.
सदुसष्ट वर्षं जिभेखाली ठेवलेले शब्द,
गोळी चघळल्यागत, विरघळू न देता.

आधी शिकलेली भाषा आधी परत येते, असं आम्ही म्हणतो.
कधीकधी येते. कधीकधी अगदी उलट.
का, यावरचे शोधनिबंध माझ्या कपाटात आहेत,
आणि कपाटाचं दार नीट लागत नाही.
तक्त्यावर खोडायला जागा होती.
मुलीनं पन्नास वर्षं काय ऐकलं नाही,
त्यासाठी रकाना नव्हता.

जिभेला हाड नसतं म्हणतात.
मला आत कुठेतरी एक दिसलं,
मोडून, तसंच वाकडं जुळलेलं.

संध्याकाळी ओंदिनानं कार्डं मागून घेतली.
मिलोइकापुढे धरून एकेक विचारायला लागली,
खरं तर स्वतःलाच. कप? शिडी?
सगळी शून्यं. हसली, मग हसली नाही.
खाटेवरची मूठ तशीच.

रात्री खिडकीतून दिसली ती:
एका हातात दोर, दुसऱ्यात कार्डांची गड्डी,
ओठ हलतायत,
वारा तोंडातलं तोंडातच कोंबतोय.

दुसऱ्या दिवशी एकोणसाठ परत आली.
कुठलं उडालं, मी पाहिलं नाही.